भुयारी मैफल आणि परवान्याचा कागद

बिदागी आणि भीक या दोन शब्दांत अंतर किती? दोहोंत पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि दोहोंत देणाऱ्याची मर्जी प्रधान असते. तरीही बिदागी घेणाऱ्याला आपण बसायला गादी देतो, त्याच्या मागे तंबोरे लावतो, आणि भीक घेणाऱ्याला दारात उभे राहू देत नाही. गाणारा तोच, गाणेही तेच, पण तो कोठे उभा आहे यावरून समाज आणि कायदा त्याची जात ठरवतात. या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास जगातल्या मोठ्या शहरांच्या भुयारी रेल्वेस्थानकांत घडला आहे. तो थोडक्यात सांगावा, आणि शेवटी आपल्याकडच्या कायद्याकडे व परंपरेकडेही पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

ज्यांची मुले-नातवंडे लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्ककडे स्थायिक आहेत, त्यांनी हे दृश्य पाहिलेच असेल. जिना उतरून खाली जावे, वळणावळणाच्या बोळातून फलाटाकडे निघावे, तो दुरून व्हायोलिनचे किंवा चेलोचे सूर यावेत. आणखी एक वळण घेतल्यावर भिंतीलगत उभा असलेला वादक दिसावा आणि त्याच्या पायाशी उघडी पेटी, पेटीत थोडी चिल्लर व एखाददुसरी नोट. इंग्रजीत याला बस्किंग म्हणतात. यातले कित्येक वादक संगीताच्या नामांकित विद्यालयांतून शिकलेले असतात. पाश्चात्त्य अभिजात संगीताची वर्षानुवर्षे तालीम घेतलेला कलावंत भुयारात का उभा राहतो, आणि त्याला तेथे उभे राहू द्यावे की नाही, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे.

आरंभ लंडनपासून करावा लागतो. जगातली पहिली भुयारी रेल्वे तेथे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर सुरू झाली. योगायोग असा, की लगेच पुढच्या वर्षी, १८६४ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने लंडनच्या रस्त्यांवरील वादकांना आवर घालणारा कायदा संमत केला. मायकेल टॉमस बॅस नावाच्या खासदाराने तो मांडला होता. घरातील आजारपण वा अन्य वाजवी कारण सांगून घरमालकाने वादकाला निघून जाण्यास सांगावे, आणि तो न गेल्यास पोलिसाने त्याला पकडावे, असा या कायद्याचा सारांश. त्यामागे ज्यांचा जोर होता त्यांत चार्ल्स बॅबेज हे नाव ठळक आहे. ज्याच्या गणनयंत्राच्या कल्पनेतून पुढे संगणकाची वंशावळ सांगितली जाते, तोच हा गणिती. रस्त्यावरच्या वाद्यांनी आपली पाव कार्यशक्ती नष्ट केली, अशी तक्रार त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. डिकन्स, टेनिसन, कार्लाइल यांसारख्या लेखकांच्या सह्याही बॅस यांच्या बाजूने होत्या.

या मंडळींना संगीताचे वावडे होते असे समजण्याचे कारण नाही. घरात बसून डोक्याने काम करणाऱ्या माणसाला शांततेचा हक्क आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. लाऊडस्पीकरच्या काळात राहणाऱ्या आपल्याला तो अधिकच कळावा. मात्र या वादात एक गोष्ट कायमची घडून गेली. रस्त्यावरचे संगीत हा ‘उपद्रव’ या सदराखाली गेला. सरकारी दप्तरात एखादा विषय एकदा एका सदराखाली गेला, की तो तेथून हलवणे किती कठीण असते, हे माझ्यासारख्या ज्यांनी उभी हयात शासकीय फाइलींत घालवली त्यांना वेगळे सांगायला नको.

न्यूयॉर्कने तेच केले, फक्त उशिरा. तेथील भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. पुढे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी १ जानेवारी १९३६ पासून रस्त्यावरच्या वादकांना परवाने देणेच बंद केले. ला गार्डिया स्वतः इटालियन वंशाचे. माकड घेऊन पेटी फिरवणारा इटालियन, हे आपल्या समाजाचे चित्र त्यांना सलत असे. महामंदीने लोक उपाशी असताना रस्त्यावर वाजवणारा माणूस म्हणजे भिकारीच, हीदेखील त्या बंदीमागची एक धारणा होती. ही बंदी १९७० मध्ये उठली. म्हणजे चौतीस वर्षे त्या शहरात रस्त्यावर वाजवणे बेकायदेशीर होते, आणि ते त्याच शहरात, जेथे कार्नेगी हॉलमध्ये जगातले श्रेष्ठ वादक हजेरी लावत होते!

रस्त्यावरची बंदी उठली तरी भुयारातली उठली नव्हती. १९८५ मध्ये रॉजर मॅनिंग या गिटारवादकावर स्थानकात वाजवल्याबद्दल झालेली कारवाई न्यायालयापुढे आली. अशी सरसकट बंदी राज्यघटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्याच सुमारास परिवहन प्राधिकरणाने ‘म्युझिक अंडर न्यूयॉर्क’ ही योजना प्रायोगिक स्वरूपात हाती घेतली. कलावंतांनी अर्ज करायचा, निवडक अर्जदारांनी ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या दालनात परीक्षकांसमोर काही मिनिटे वाजवून दाखवायचे, आणि निवड झालेल्यांना मोक्याच्या जागा व वेळा नेमून द्यायच्या, अशी तिची रचना. या योजनेबाहेरच्या वादकालाही नियम पाळून वाजवता येते. फलाटावर ध्वनिवर्धक लावायचा नाही, येण्याजाण्याची वाट अडवायची नाही, इतकी पथ्ये त्याने सांभाळायची. बंदीचे रूपांतर नियमनात झाले, ते असे.

पॅरिसची मेट्रो १९ जुलै १९०० रोजी सुरू झाली. तेथील परिवहन संस्थेने १९९७ पासून वादकांची रीतसर निवड करून त्यांना ओळखपत्रे देण्यास आरंभ केला. वर्षातून दोनदा निवड होते आणि सुमारे तीनशे जणांना परवाना मिळतो. त्यांनी बोळांत वाजवायचे, गाडीच्या डब्यांत नाही. लंडनमध्ये अधिकृत योजना २००३ मध्ये आली. तिच्या पूर्वतयारीच्या काळात, २००१ मध्ये, भुयारात वाजवण्याचा पहिला परवाना ज्युलियन लॉइड वेबर या विख्यात चेलोवादकाला देण्यात आला. ज्याच्यासाठी सभागृहे आगाऊ भरत असत, त्याने बोळात बसून वाजवले. लंडनच्या स्थानकांत यासाठी जमिनीवर अर्धवर्तुळे आखलेली असतात. वादकाने त्या अर्धवर्तुळात उभे राहायचे आणि नेमलेली वेळ संपली की जागा दुसऱ्याला द्यायची. कॅनडातील माँट्रियलमध्ये तर भिंतीवर लायर या प्राचीन वाद्याचे चित्र असलेली पाटी लावून वादकाची जागा दर्शवतात.

जमिनीवरचे अर्धवर्तुळ किंवा भिंतीवरची पाटी ही वरकरणी क्षुल्लक बाब. प्रशासनाच्या नजरेने पाहिले तर तिचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे पोलिसाला कळते की हा माणूस येथे असणे योग्य आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला कळते की याला कोणीतरी ऐकून, पारखून येथे उभे केले आहे. आणि खुद्द वादकाला कळते की आपल्याला कोणी हुसकावणार नाही. परवान्याचा एक कागद माणसाची मान किती ताठ करू शकतो, याचे हे उदाहरण होय. अर्थात परवाना आला की परीक्षक आले, निकष आले, नाकारलेल्यांचे अर्ज आले. ज्याच्याजवळ कागद नाही तो पूर्वीपेक्षा अधिक उपरा ठरण्याचा धोकाही आला. न्यूयॉर्कने परवान्याबाहेरच्या वादकालाही जागा ठेवली, ते म्हणूनच मला अधिक शहाणपणाचे वाटते.

भुयारात अभिजात संगीतच का शोभते, यालाही कारण आहे. या स्थानकांच्या भिंती बहुधा चकचकीत फरशीच्या आणि छते कमानदार. अशा पृष्ठभागांवरून ध्वनी परतून येतो, लांबतो, गुंजत राहतो. ध्वनिवर्धकाविना वाजणाऱ्या व्हायोलिनला किंवा बासरीला ही जागा जणू मंदिराच्या गाभाऱ्यासारखी साथ करते. गाडीचा खडखडाट आला की सारे बुडते, पण दोन गाड्यांच्या मधल्या अवकाशात एकच वाद्य अख्खा बोळ भरून टाकते. एकट्याने वाजवता येण्याजोगे, तरीही भरीव, असे संगीत हवे तर वादक हटकून योहान सेबास्तियन बाखकडे वळतात. साथीशिवाय वाजवायच्या त्याच्या व्हायोलिनरचनांच्या हस्तलिखितावर १७२० हे साल आहे. त्यांतल्या एका रचनेच्या शेवटी येणारा ‘शाकोन’ हा भाग सुमारे पंधरा मिनिटांचा. चार मापांचा एक छोटा आराखडा पुनःपुन्हा येत राहतो आणि त्यावर नवनवी नक्षी चढत जाते. तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत असावा आणि त्यावर कायदे-पलटे उलगडावेत, अशीच काहीशी ही बांधणी. गजाननबुवा जोशी किंवा वि. गो. जोग यांचे व्हायोलिन ऐकलेल्या श्रोत्याला ती अगदीच परकी वाटू नये.

हाच शाकोन १२ जानेवारी २००७ रोजी, शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास, वॉशिंग्टनमधील लाँफाँ प्लाझा या भुयारी स्थानकाच्या सरकत्या जिन्यांच्या तोंडाशी वाजला. वाजवणारा होता जोशुआ बेल, अमेरिकेतील अग्रगण्य व्हायोलिनवादक. तीनच दिवसांपूर्वी बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये त्याची मैफल भरगच्च झाली होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राच्या जीन वाइनगार्टन या पत्रकाराने रचलेला हा प्रयोग होता. बेल साध्या वेशात, डोक्यावर टोपी घालून उभा राहिला आणि त्याने त्रेचाळीस मिनिटांत सहा रचना वाजवल्या. या वेळात १,०९७ माणसे समोरून गेली. किमान मिनिटभर थांबली ती सात. सत्तावीस जणांनी पैसे टाकले, त्यांची बेरीज ३२ डॉलर १७ सेंट. एका बाईने त्याला ओळखले आणि वीस डॉलर दिले, ते या हिशेबात धरलेले नाहीत. या प्रयोगावरील लेख ८ एप्रिल २००७ रोजी प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

बेलच्या हातातल्या वाद्याचीही कथा आहे. ते अंतोनियो स्त्रादिवारीने १७१३ मध्ये घडवलेले व्हायोलिन, सुमारे पस्तीस लाख डॉलरला घेतलेले. पूर्वी ते ब्रॉनिस्लाव हुबरमन या पोलिश वादकाकडे होते. १९३६ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तो दुसऱ्या वाद्यावर वाजवत असताना हे व्हायोलिन त्याच्या खोलीतून चोरीस गेले. ज्युलियन ऑल्टमन नावाच्या वादकाने ते जवळजवळ पन्नास वर्षे बाळगले आणि मृत्यूसमयी, १९८५ मध्ये, खरे सांगितले. तोवर ऑल्टमन ते उपाहारगृहांत, मेजवान्यांत वाजवत राहिला. काळपट थराखाली झाकलेले ते वाद्य स्त्रादिवारीचे आहे हे ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानी आले नाही. म्हणजे ज्या वाद्याची ओळख २००७ मध्ये भुयारात पटली नाही, ती त्याआधी पन्नास वर्षे उजेडातही पटलेली नव्हती!

प्रयोगही अगदी नवा नव्हता. १९३० मध्ये शिकागोत तेथील सिंफनी वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक जॅक गॉर्डन असाच वेश पालटून रस्त्यावर उभा राहिला होता. त्याची कमाई झाली ५ डॉलर ६१ सेंट.

बेलच्या प्रयोगाची बातमी जगभर फिरली, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली, आणि तिचा एक ठरावीक बोध रूढ झाला: आजच्या धावपळीच्या माणसाला सौंदर्य दिसेनासे झाले आहे. हा बोध मला अर्धवट वाटतो. सकाळी आठला कचेरी गाठणारा माणूस त्या जागेतून किती सेकंद जातो? पंधरा-वीस. तेवढ्यात विलंबित ख्यालाची पहिली सम तरी येईल काय? आपल्या संगीतशास्त्राने रागाला प्रहर नेमून दिला तो उगीच नाही. ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था हाही मैफलीचा अर्धा भाग आहे, ही जाण त्यामागे आहे. गादी, समई, अत्तर, पानाचे तबक हा बैठकीचा जामानिमा म्हणजे श्रोत्याला त्याच्या दिवसातून सोडवून आणण्याची युक्तीच होती. कचेरीच्या वेळेला बांधलेल्या कारकुनाला अरसिक ठरवणे सोपे आहे. ते मला न्याय्य वाटत नाही. त्याच अहवालातील एक नोंद मात्र मनाला लागते. तेथून जाणारे प्रत्येक लहान मूल थांबू पाहत होते आणि प्रत्येक वेळी आई किंवा बाप त्याला ओढून पुढे नेत होते. रसिकता उपजत असावी, पण तिला थांबण्याची मुभा घरातली मोठी माणसे देतात.

पुढे ३० सप्टेंबर २०१४ रोजी बेल वॉशिंग्टनच्याच युनियन स्टेशनवर, आगाऊ सूचना देऊन आणि सोबत तरुण वादकांना घेऊन वाजवायला उभा राहिला. तेव्हा दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. शहर तेच, वादक तोच. बदलली होती ती ऐकणाऱ्याची तयारी आणि वेळ.

या इतिहासात एक विपरीत प्रकरणही आहे. २००३ मध्ये लंडनच्या पूर्व भागातील एल्म पार्क स्थानकावर ध्वनिमुद्रित अभिजात संगीत लावायला सुरुवात झाली, ती टवाळ पोरांनी तेथे घोळका करू नये म्हणून. पोरे कंटाळून निघून जावीत, हा हेतू. उपाय लागू पडल्याचे सांगितले गेले आणि इतर स्थानकांनीही तो उचलला. ज्या साली त्या शहराने जिवंत वादकाला अर्धवर्तुळ आखून दिले, त्याच साली त्याच संगीताची काठीही केली. याउलट न्यूयॉर्कमध्ये डेल हेंडरसन या चेलोवादकाने २०१० पासून भुयारात बाख वाजवायला घेतला आणि पैसे घेणे नाकारले. लोकांनी केवळ ऐकावे, एवढेच त्याचे मागणे. पुढे बाखच्या जन्मदिनी, २१ मार्चला, इतर वादकही त्याला येऊन मिळाले आणि हा उपक्रम अनेक देशांत पसरला. पेटी बंद ठेवून वाजवणारा हा माणूस देणारा ठरला आणि प्रवासी घेणारे.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबई राज्य द्वैभाषिक असताना भिक्षाप्रतिबंधाचा १९५९चा कायदा झाला. राज्य विभागल्यावर तो महाराष्ट्राबरोबर गुजरातेच्या, म्हणजे आपल्या वडोदऱ्याच्याही वाट्यास आला. पुढे तो दिल्लीलाही लावला गेला. त्यातील भीक मागण्याची व्याख्या वाचनीय आहे. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे वा स्वीकारणे म्हणजे भीक. मग ती गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ करून दाखवणे अशा कोणत्याही मिषाने असो वा नसो. गाणे हे त्या व्याख्येत ‘मिष’ आहे! पहिल्या खेपेस दोषी ठरल्यास वर्ष ते तीन वर्षे नियत संस्थेत अटकाव, अशी तरतूद. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातील भीक मागणे हाच गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली, परंतु तो निर्णय दिल्लीपुरता होता.

ज्यांच्या दारी पहाटे वासुदेव येत असे, त्यांना ही व्याख्या खटकल्यावाचून राहणार नाही. मोरपिसांची टोपी, हाती टाळ-चिपळ्या आणि मिळालेल्या दानाची देवाच्या नावाने पावती. त्याला आपल्या आजीने कधी भिकारी म्हटले नाही. गोंधळी, पिंगळा, भराडी यांचेही तेच. पं. भीमसेन जोशी १९३३ मध्ये अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घर सोडून निघाले आणि आगगाडीत गाणे म्हणत, सहप्रवाशांच्या मदतीवर मजल दरमजल करत ग्वाल्हेरला पोहोचले, ही हकीकत त्यांच्या चरित्रात येते. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय त्यांना त्या प्रवासात लाभले. १९५९ची व्याख्या तेव्हा अस्तित्वात असती आणि एखादा कर्तव्यदक्ष अंमलदार डब्यात चढला असता, तर त्या मुलाला कोणत्या संस्थेत पाठवले गेले असते?

वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना तर याविषयी बोलण्याचा विशेष अधिकार आहे. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती संगीतशाळा सोपवली. कलावंतांचे खाते करून त्यांना पगार, रजा आणि नियम लावले. १९१६ मध्ये पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. फैयाजखाँसाहेबांसारखा गायक या दरबाराचा सेवक होता. नियमांचा काच कलावंतांना झालाच असणार, परंतु गाणाऱ्याला दप्तरात ‘उपद्रव’ किंवा ‘भिक्षा’ या सदरातून काढून स्वतंत्र सदर देणारे संस्थान आपले होते.

देशातली पहिली भुयारी रेल्वे कलकत्त्यात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली. अहमदाबादेत मेट्रोचा भूमिगत टप्पा २०२२ मध्ये खुला झाला. पुण्यात व मुंबईत २०२४ मध्ये मोठे भुयारी मार्ग सुरू झाले. मुंबईच्या काही उपनगरी स्थानकांवर गेल्या दशकाच्या आरंभी रेल्वेच्या अनुमतीने लोककलावंतांना व वादकांना बसवण्याचा प्रयोगही झाला होता. म्हणजे जागा आहे, श्रोते आहेत, आणि संगीतविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारे, पण मैफल न मिळणारे तरुण वादकही आहेत. हवी आहे ती शासनाची एक अधिसूचना: वेळ कोणती, जागा कोणती, ध्वनिमर्यादा किती, अर्ज कोणाकडे. सकाळची गर्दीची वेळ टाळावी आणि सायंकाळी परतणाऱ्यांसाठी यमन वाजू द्यावा, एवढे तारतम्य तीत असावे. सोबत भिक्षाप्रतिबंधाच्या व्याख्येतून ‘गाणे’ हा शब्द वगळणारी दुरुस्तीही व्हावी. मसुदा एका पानाचा आहे. लंडनला या सदरातून बाहेर पडायला जवळजवळ एकशे चाळीस वर्षे लागली. आपण तेवढी लावू नयेत.